पुढच्या वर्षाचा धडा

बोडीटोल्याच्या शिवारातून नवा रस्ता गेला तो नेमका तलावाच्या जुन्या पाटाच्या अंगावरून. रस्ता झाला तेव्हा गावाने नारळ फोडला, पेढे वाटले, आणि पाट भरावाखाली गाडला गेला याची आठवण कोणालाही झाली नाही. ती झाली मे महिन्यात, उन्हाळी धान कापून खाचरं, इथल्या बोलीत बांध्या, मोकळी झाल्यावर. तलावापासून लांब, अगदी टोकाला सात घरांच्या बांध्या होत्या. त्यांना पाणी पोचायला आता वाटच उरली नव्हती. रोपांसाठी धान पेरायची, पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली की कोणी कोणाच्या कामाला येत नाही, म्हणून नवा पाट खोदायचा तो आत्ताच, असं सातही घरांनी ठरवलं. दर घरून एक माणूस, उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा चारनंतर.

पाट कुठून न्यायचा हे सांगायचं काम ईश्वरदासचं. तो गावचा पाणकर. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड, कधी उघडायचं आणि कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं हे तो ठरवायचा, त्याच्या आधी त्याचा बाप ठरवायचा. आता वाटा दोन होत्या. एक पूर्वेची, पांदणीच्या कडेने. तिथे कोणाचं काही जात नव्हतं. दुसरी पश्चिमेची, आणि ती थेट ईश्वरदासच्याच लांब्या बांधीतून जात होती. बांधी कसली, घरचं वर्षाचं पोट होतं ते. पूर्वेला उतार असेल तर सगळंच बरं होतं.

उतार कळायचा तर ईश्वरदास पावसाळ्यात बांधावर उभा राहून पाणी कुठे सरकतं ते बघायचा. पाण्याला विचारायचं, असं तो म्हणायचा. पण मे महिन्यात पाणी कुठलं? जमिनीला हात हात भेगा पडलेल्या. दोन दिवस तो शिवारात डोळे बारीक करून फिरला आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन कोठ्याच्या दारात उभा राहिला.

कोठ्यात निशा होती. गाय-बैल चरायला गेले की कौलांखाली थोडा गारवा असे. खाटेवर पालथी पडून ती पुस्तक वाचत होती.

"निशे, तुझ्या पुस्तकात उताराचं काही आहे म्हणत होतीस ना?"

"आहे ना. लेव्हलिंग. पण ते पुढच्या वर्षाचं आहे बाबा."

"पुढच्या वर्षाचं त पुढच्या वर्षाचं. वाचून त आताच राहिलीस ना?"

वाचून तर राहिली होतीच. वाचण्याशिवाय या उन्हाळ्यात तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पहिल्या वर्षी तिचे हाल झाले होते. गोंदियातल्या पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या डिप्लोमाला नाव घातलं, जवळच्या फुलचूरला दोन मुलींबरोबर खोली केली. गावच्या शाळेत पहिली येणारी पोर ती, पण तिथे पुस्तक इंग्रजीत, वर्गातलं बोलणं हिंदीत, आणि निशाची मान खाली. फळ्यापुढे उभं केलं की उत्तर माहीत असूनही तोंडातून शब्द फुटायचा नाही. घाम मात्र फुटायचा. कसंबसं वर्ष पार पडलं आणि एक विषय मागे राहिला तो राहिलाच. पुन्हा असं झालं तर परत पाठवणार नाही, असं तिची आई चंद्रकांता हिने स्वच्छ सांगून टाकलं होतं. चंद्रकांता एकदा बोलली की बोलली.

म्हणून निशाने ठरवलं होतं की दुसरं वर्ष सुट्टीतच वाचून काढायचं. जुलैत सर फळ्यावर एक शब्द लिहितील तेव्हा पुढचा शब्द आपल्याला येत असला पाहिजे. एक वर्ष पुढे असलेल्या चेतनाकडून तिने पुस्तक मागून आणलं. पण हे वाचणं काही सुखाचं नव्हतं. एक पान झालं की बोट घालून उरलेली बघायची. एक ओळ वाचायची, अडलेला शब्द मोबाइलवर शोधायचा, तोवर मागची ओळ विसरायची. मध्येच आई वाळत घातलेली मोहाची फुलं पालटायला हाक मारायची. मोह पालटताना वाटायचं पुस्तक राहिलं, पुस्तकाशी बसलं की वाटायचं जून आला. जेवताना तिचा पाय सारखा हलत असे आणि ताटात पाणी सांडत असे.

बापाने विचारलं आणि ती ताडकन उठली. कोणीतरी तिला काहीतरी विचारलं होतं, आणि ते तिला येत होतं!

कॉलेजातली उतार मोजायची दुर्बीण इथे कुठून येणार? पण घरं बांधणारे मिस्त्री पातळी काढतात ती पारदर्शक नळी गावात होती. लांब नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन काठ्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर उभं राहतं. काठीवर आकडे लिहिलेले असले की जमिनीपासून पाणी किती वर आहे ते वाचायचं आणि दोन्ही आकड्यांवरून चढ-उतार काढायचा. आकडे वाचायची निशाला लहानपणापासून सवय. तुडुमाच्या दगडावर रंगाने आकडे काढले होते, आणि पावसाळ्यात शाळेत जाता जाता ते वाचून बापाला ओरडून सांगायचं काम तिचंच होतं. पाच म्हणजे तलाव अर्धा. नऊ म्हणजे चढला, आता पळा.

दोन सकाळी बाप-लेकींनी सगळं मोजलं. पूर्वेकडे आकडे कमी कमी होत गेले, पश्चिमेकडे वाढत गेले. निशाने वहीत मांडणी केली आणि सात घरांपुढे उभी राहून सांगितलं, "पूर्वेकडं उतार आहे. पश्चिमेकडं चढ."

ईश्वरदास क्षणभर डोकं खाजवत राहिला. "डोळ्याले त मले उलटं वाटून राहिलं होतं," तो हळूच म्हणाला.

"डोळा चुकते बाबा. म्हणून त यंत्र काढलं ना लोकायनं."

"हौ. ते बरोबर आहे," ईश्वरदास म्हणाला. लोकांकडे वळून त्याने हात वर केला. "पूर्वेनं खोदा. माझ्या पोरीनं मोजलं आहे."

सात घरांतला जागेश्वर तेवढा कुरकुरला. त्याच्या बांध्या अगदी शेवटी, म्हणून काळजीही सगळ्यात जास्त. "भाऊ, तुमचीच बांधी बरी वाचली," असं तो हसत हसत म्हणाला, आणि त्याचं हसू कोणालाही आवडलं नाही.

खोदकाम सुरू झालं. धानाची जमीन मे महिन्यात खडकासारखी होते. कुदळ मारली की ठिणगी उडायची बाकी. आधी सब्बलीने ढेकूळ उचकटायचं, मग कुदळ, मग फावडं. पुष्पाबाई विधवा, घरी दुसरं कोणी नाही, तीही बाप्या माणसांच्या बरोबरीने टोपल्या वाहायची. ईश्वरदासला स्वतःच्या बांधीसाठी या पाटाची गरज नव्हती, त्याला पाणी आधीच मिळत होतं. तरी तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा. चंद्रकांताही दोन दिवस आली. तिच्या उजव्या तळव्याला आलेले फोड फुटले आणि ती भाकर डाव्या हाताने थापायला लागली. न्याहारीला बसलं की ईश्वरदास कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "नळीत पाणी भरलं न् दोन सकाळीत काम खतम. आमी बापजाद्यायनं पावसाची वाट पाहण्यातच जिंदगी घालवली."

हे ऐकून निशाला इतका आनंद व्हायचा की तिला तो लपवता यायचा नाही. सुट्टी संपू नये असं तिला पहिल्यांदाच वाटलं. ती घरी जाऊन दुप्पट जोराने वाचायला बसायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती धड्याच्या शेवटची गणितं सोडवत होती. पुस्तकामागे उत्तरं छापलेली होती. तिचं पहिलं उत्तर चुकलं. दुसरंही. आकडा अगदी बरोबर यायचा, पण जिथे पुस्तक चढ म्हणायचं तिथे तिचा उतार यायचा. पाच गणितं केली, पाचही तशीच. पुस्तकातच चूक आहे, तिला वाटलं. जुनी छपाई असेल. आपण छापलेल्या पुस्तकातली चूक काढली या आनंदात तिने चेतनाला फोन लावला.

"अरे पागल, किताब गलत नहीं है," चेतना हसत सुटली. ती गोंदियाच्या बाजारात वाढलेली, मराठी तिला शिव्या देण्यापुरती यायची. "तू उल्टा पढ रही है. रीडिंग जितना बडा, जमीन उतनी नीचे. सर पहले ही दिन बताते हैं."

"पण आकडा वाढला म्हणजे..."

"मतलब गड्ढा! छाती तक पानी कहाँ लगता है, गहरे में ना?"

फोन ठेवून निशाने धडा पुन्हा उघडला, ती ओळ तिथे होती. तलावात उतरल्यावर खोल जागी पाणी छातीला लागतं आणि उथळ जागी गुडघ्याला, हे तिला चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ती पोहायला तिथेच शिकली होती. पण काठीवरचा आकडा बघताना तिला तुडुमाचा दगड आठवला होता, जिथे आकडा वाढला की पाणी चढतं. मोठा आकडा म्हणजे वर, हे तिच्या डोक्यात इतकं मुरलेलं की तिने पुस्तकातली ओळ वाचूनही वाचली नाही. पाणकराच्या पोरीशिवाय ही चूक कोणी केली नसती.

अडीचशे फूट खोदून झालं होतं. सगळं चढावर.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग आईला म्हणाली, "आई, माझ्यासंगं चाल. फक्त काठी धर."

"या उन्हात? बाई, डोकं फिरलं का?"

पण पोरीचं तोंड बघून चंद्रकांता डोक्यावर पदर घेऊन निघाली. भर दुपारी शिवारात चिटपाखरू नव्हतं. गरम वारा कानाला चाटून जात होता. त्यांनी पूर्वेकडे तीन ठिकाणी नळी लावली, पश्चिमेकडे तीन. आकडे तेच होते जे पहिल्यांदा आले होते. आकडे चुकलेच नव्हते. चुकली होती ती निशा.

तिने आईला सगळं सांगितलं. चंद्रकांता बांधावर बसली. फोड आलेला हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता.

"म्हणजे पाट पश्चिमेनं जाईल?"

"हौ."

"आपल्या लांब्या बांधीतून?"

"हौ."

चंद्रकांताने फुटलेल्या फोडांवरची माती झटकली. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "मंग राहू दे ना. कोणाले सांगू नोको. पाणी नाही पोचलं त रस्त्याच्या नावानं खपून जाईल. सारे रस्त्यालेच शिव्या देऊन राहिले."

"आणि पुष्पाबाई? तिचे पऱ्हे?"

"माझ्या बांधीचं कोण पाह्यते मंग?" चंद्रकांता एकदम चिडली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "मी काई वाईट नाही बाप्पा. पण मले भीती वाटते. तुझ्या बापाले मी नाही सांगणार. तुले सांगायचं असन त सांग."

चार वाजेपर्यंतचा वेळ निशाने कसा काढला ते तिलाच माहीत. ती तीनदा पाणी प्यायली. मोह पालटला, जो पालटायचा नव्हता. आईचं म्हणणं खरं होतं, हे ती नाकारू शकत नव्हती. गप्प राहिलं तर कोणालाच कळलं नसतं. बापाचा शब्द राहिला असता, बांधी राहिली असती, आणि ती जुलैत फुलचूरला निघून गेली असती. बोललं तर यातलं काहीच राहणार नव्हतं. पुस्तकाकडे तर तिला बघवेना. पुढचं वाचायला गेली आणि सगळ्यांना खड्ड्यात घातलं. आता कोणत्या तोंडाने म्हणायचं, मला पुढे शिकवा?

चार वाजता ती पाटावर गेली तेव्हा माणसं नुकतीच कामाला लागत होती. ती बापाजवळ गेली. हळू सांगायचं ठरवून गेली होती, पण आवाज फुटला तो मोठ्यानेच फुटला.

"बाबा, थांबवा. मी चुकली. पूर्वेकडं चढ आहे. मी उलटं वाचलं."

कुदळी थांबल्या. पुष्पाबाईच्या डोक्यावर भरलेली टोपली होती, ती तशीच उभी राहिली.

"म्हणजे?" जागेश्वरने विचारलं. त्याला एकदा ऐकूनच समजलं होतं, पण त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"म्हणजे इकडून पाणी जाणार नाही काका. पश्चिमेनं न्या लागेल."

"चार दिवस! चार दिवस आमी येड्यासारखे खोदून राहिलो!" जागेश्वरने फावडं आपटलं. "चुकली का चुकवलं वो? बापाची बांधी वाचवाले?"

"तसं नाही काका. तसं असतं त मी आता सांगितलं असतं का?"

"काय माहीत बाप्पा! कालेजात हेच शिकवतेत का तुमाले?"

"शिकवलंच नाही अजून," निशा म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "ते येत्या वर्षी आहे."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. फळ्यापुढे मागच्या बाकावरून यायचं तेच हे हसू होतं. फरक एवढाच की तिथून घरी पळून येता यायचं, आणि हे घरच होतं.

ईश्वरदास हसला नाही. तो पाटाच्या काठावर बसला होता आणि मातीकडे बघत होता. निशाला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मले दिसत होतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसत होतं इकडं चढ आहे म्हणून. पुस्तक बोललं म्हणून मी गप्प बसलो. पाणकर कोण आहे? मी. चुकी माझी आहे. पोरीले कोणी काही म्हणू नोका."

"चुकी कोणाची का असेना," जागेश्वर म्हणाला, "आमाले आता ना तुमचा भरोसा, ना पोरीचा. पाण्याले विचारा."

हे मात्र सगळ्यांना पटलं. बैलगाडीवर दोन ड्रम घालून तलावातून पाणी आणलं. पहिला ड्रम खोदलेल्या पाटाच्या पुढच्या टोकाला ओतला. पाणी जरा थबकलं, तहानलेल्या मातीने थोडं पिऊन टाकलं, आणि उरलेलं वळून, खोदणाऱ्यांच्या पायाशी, आल्या वाटेने तलावाकडे निघालं. पुष्पाबाईने कपाळाला हात लावला.

मग सगळे पश्चिमेकडे गेले. लांब्या बांधीत ईश्वरदासने कुदळीने एक ओंजळभर रुंद चर पाडला, वीसेक पावलं लांब. दुसरा ड्रम ओतला. पाणी सरळ गेलं. कुठेही न अडता, टोकाच्या सात घरांच्या बांध्यांकडे तोंड करून गेलं, आणि चर संपला तिथे पुढे सरकायला बघत उभं राहिलं.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला चंद्रकांता येऊन उभी होती. तिने पाणी बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पदर खोचून फावडं उचललं. फोड आलेल्या हाताने.

ईश्वरदासने कुदळ उगारली आणि आपल्याच बांधीच्या मधोमध पहिला घाव घातला. दुसरा घातला. मऊ काळी माती होती, पूर्वेसारखी खडक नव्हती, सहज निघत होती. वर्षानुवर्षं शेण घालून मऊ केलेली माती ती. निशाला बघवत नव्हतं, तरी ती बघत राहिली.

चार-पाच घाव झाल्यावर जागेश्वर पुढे आला. तोही आता कुदळ घेऊन होता. घसा खाकरून म्हणाला, "किती रुंद धरू गा भाऊ?"

"मले काऊन विचारतेस?" ईश्वरदास मान वर न करता म्हणाला. "तिले विचार. माप तिचं आहे."

जागेश्वर गोंधळला. सात घरांची सात माणसं निशाकडे बघायला लागली. तिचं डोकं भराभरा पानं उलटायला लागलं. पाटाची रुंदी, पाटाची खोली, बाजूंचा उतार. तो धडा होता, पुस्तकाच्या शेवटी कुठेतरी. अंदाजाने काहीतरी सांगावं असं तिच्या ओठावर आलं होतं.

"मले नाही येत काका," ती म्हणाली. "तिथपर्यंत माझं वाचून झालं नाही."

ईश्वरदास उभा राहिला. पाठीला हात लावून त्याने कंबर सरळ केली. लेकीकडे तो दुपारपासून पहिल्यांदाच बघत होता.

"वर दोन हात, खाली एक हात," तो म्हणाला. "वरून रुंद, खाली चिंचोळा. मंग काठ ढासळत नाही." त्याने कुदळीचा दांडा जमिनीवर आडवा ठेवून माप दाखवलं. मग पुन्हा वाकत म्हणाला, "हे मले येते. तू लिहून घे."

निशाने बगलेतली वही काढली आणि ती लिहायला लागली.